वाळवंटातला वरंबा

परवा पहाटे अंगणाचं दार उघडलं आणि तोंडावर वारा आला, तो गार होता. गार म्हणजे आपल्या मानाने काहीच नाही. वसईत अशा वाऱ्याला कोणी पंख्याचा नंबरसुद्धा कमी करणार नाही. पण ओमानमधल्या या डोंगरापलीकडच्या गावात मे महिन्यापासून दार उघडायचं म्हणजे भट्टीचं झाकण उघडायचं. पापण्यासुद्धा तापतात. परवा मी भीत भीत अनवाणी पाय लादीवर टेकवला, तर लादी नुसती लादी होती. चटका नाही! मग दुसरा पाय टेकवला. "आला गं बाई, आला!" मी एकटीच मोठ्याने बोलले. भिंतीवरची कबुतरं उडून गेली. जाऊ देत. त्यांना काय, ती बारा महिने इथलीच.

आला म्हणजे इथला हिवाळा. आपल्याकडे हिवाळा येतो तो कपाटातल्या चादरीसारखा, आला काय नि गेला काय. इथे तो पाहुण्यासारखा येतो. येताना हातात रंग घेऊन येतो. आता बघा, दोन महिन्यांत या उघड्याबोडक्या अंगणात मी दाखवेन तुम्हाला काय काय होतं ते. बोगनवेल कोपऱ्यात नुसती काट्यांची जुडी होऊन पडलीय, ती भिंतीवरून पलीकडच्या गल्लीत गुलाबी होऊन सांडेल. बोराच्या झाडाला आत्ताच बारीक हिरवट-पिवळा मोहर आलाय आणि मधमाश्यांचा असा आवाज चाललाय की वाटतं कोणी शिवणयंत्र चालवतंय. लिंबाची पानं उन्हाने वळून सुरळ्या झाली होती, त्या सुरळ्या आता उलगडतील. आणि झेंडू. झेंडूचं सगळं माझ्याकडे. म्हणून तर रात्रभर झोप नाही मला.

शाळेत भूगोलाच्या बाईंनी वाळवंट शिकवलं होतं. फळ्यावर एक उंट, एक खजुराचं झाड आणि खाली ठिपके ठिपके. ठिपके म्हणजे रेती. पुढचं त्या दुसऱ्या दिवशी सांगणार होत्या, पण आठवीच्या मध्येच आईचं दुखणं निघालं आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. त्यामुळे वाळवंटात बोगनवेल असते, बोरं असतात, हे मला कोणी सांगितलंच नाही. आणि शमी! या अंगणाच्या मधोमध जे भलंमोठं झाड आहे, ज्याला इथे गाफ म्हणतात, ते मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याची बारीक बारीक पानं हातात घेऊन उभीच राहिले. ही तर आमच्या देवळामागची शमी! दसऱ्याला जिची पूजा होते ती. परक्या गावात चालता चालता माहेरच्या माणसाने हाक मारावी, तसं झालं मला. ऐन उन्हाळ्यात सगळी बाग करपते तेव्हा ही एकटी हिरवी असते. मुळं म्हणे विहिरीहूनही खोल जातात. मी रोज सकाळी तिच्या बुंध्याला हात लावून पुढे जाते. का, ते विचारू नका. घाबरट माणसाला कुठेतरी हात लावायला लागतो.

घाबरट तर मी आहेच. पहिले कित्येक महिने माझी बॅग पलंगाखाली उघडीच असायची. काही चुकलं, कोणी रागावलं, कोणी "जा" म्हणालं, तर कपडे शोधत बसायला नको! सातिवलीला पॅकिंगच्या कारखान्यात होते तेव्हाही तसंच. सुपरवायझर नुसता खाकरला तरी माझ्या हातातली टेप खाली पडायची. मैत्रिणी म्हणायच्या, "तू ओमानला चाललीस? तू तर नालासोपाऱ्याला उतरायला घाबरतेस!" खोटं नव्हतं ते.

या घरी मी आले ती बडी अम्माला सांभाळायला. बडी अम्मा ही घरमालकीण. नवरा गेलेला. मुलगी नूरा शहरात शिक्षिका आहे, ती शुक्रवारी येते. अम्मा मूळची बलुची, त्यामुळे हिंदी बोलते, म्हणजे तिच्या पद्धतीची हिंदी बोलते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "मुंबई?" इथे आपल्याकडचं माणूस दिसलं की सगळे तेच विचारतात. मी मान हलवली, "नाही, वसई." "मुंबई," अम्मा म्हणाली. "वसई," मी म्हणाले. कशी काय हिंमत झाली कोण जाणे. अम्माने माझ्याकडे नीट बघितलं आणि त्या दिवसापासून माझं नावच वसई. "ए वसई, चहा ला. ए वसई, खिडकी खोल." माझ्या पासपोर्टवरचं नाव या घरात फक्त नूराला माहीत आहे.

ते पहिलं वर्ष. अम्माचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणत होते, चाला. वॉकर आणून पलंगाजवळ ठेवला होता, त्यावर अम्मा ओढणी वाळत घालायची. चालायचं नाव नाही. दिवसभर खिडकीशी बसून बाहेर बघायची, आणि बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. उन्हाळ्याचं शेवटचं टोक होतं. शमी सोडली तर सगळं एका रंगाचं झालं होतं. माती तपकिरी, भिंत तपकिरी, पानं तपकिरी, हवासुद्धा. नवऱ्याने केलेली बाग होती ती. तो गेल्यावर माळी सुटला आणि बाग सुकली. नूराने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, अगदी नम्रपणे, "हा हिवाळा बघू. अम्मा चालायला लागली तर तुम्ही दोघी इथे राहा. नाही तर मी तिला माझ्या फ्लॅटवर नेते, घराला कुलूप लावते." मला कुठे नेते, ते ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. पलंगाखाली बॅग होतीच.

मला चालवायला येत नव्हतं अम्माला. मी म्हणायचे, "अम्मा, चलो थोडा." ती म्हणायची, "किधर? बाहर क्या है?" खरंच होतं. बाहर क्या है?

आमच्याकडे दसऱ्याचं तोरण फेकत नाहीत. सुकू देतात, मग त्यातले झेंडू चुरून बी काढून ठेवतात. आईने मी निघताना तसलंच बी एका फडक्यात बांधून दिलं होतं. "तिकडे काय उगवेल नाय उगवेल, पन असू दे." कुठे पेरायचं, कशाला, तिलाही माहीत नव्हतं. तसाच एक वारा सुटला, परवासारखा, आणि मी फडकं सोडलं. त्या सुकलेल्या पाकळ्यांचा वास! वसईच्या बाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोत्यांवर पोती झेंडू ओतलेला असतो, पावलं पिवळी होतात, बायका भाव करता करता एकमेकींच्या अंगावर फुलं उडवतात. तो सगळा बाजार माझ्या नाकात शिरला. तिकडे झेंडू उतरत होता आणि इकडे मी पेरायला निघाले होते. वर्ष सगळं उलटं टांगलेलं.

आणि काम तर माझ्या हातचं! शाळा सुटल्यावर मी काही वर्षं वसईच्या पश्चिमेला, सिसिल मावशीच्या फुलांच्या वाडीत रोजाने जात होते. मोगरा वेचायचा, झेंडू लावायचा. मावशीने मला हाताला धरून शिकवलं. झेंडू लावायचा तो वरंब्यावर. माती ओढून उंच, गुळगुळीत वरंबा करायचा, माथ्यावर रोप, आणि बाजूच्या सरीतून पाणी वाहून जायला हवं. "पाय बुडाले तर माणूस टिकत नाही, तर रोप काय टिकेल?" मावशी म्हणायची. पावसात आमच्याकडे जमिनीत इतकं पाणी असतं की सगळी अक्कल ते बाहेर काढण्याचीच. तर मी इथे तेच केलं. अम्माच्या खिडकीसमोर, तिला बसल्या जागी दिसतील असे, एकाशेजारी एक देखणे वरंबे घातले. इतके सरळ की मावशीने पाठ थोपटली असती. बी पेरलं. बोअरचं मचूळ पाणी सरीतून सोडलं. चार-पाच दिवसांत हिरवे ठिपके वर आले आणि मी अंगणात गिरकी घेतली. खोटं कशाला सांगू, फुगडीसुद्धा घातली, शमीच्या बुंध्याबरोबर.

मग हळूहळू वरंब्यांचे माथे पांढरे व्हायला लागले. आधी वाटलं, धूळ. पुसली, तर परत. दुधाच्या सायीसारखा पातळ थर. रोपांच्या पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या. मी आणखी पाणी सोडलं. आणखी पांढरं. अम्मा खिडकीतून बघत होती. मी तर बोलायलाही घाबरत होते. नूराने विचारलं की म्हणायचे, "येतंय, येतंय."

एका सकाळी मी वाकून जळकी पानं खुडत होते. मागे आवाज आला. खट्. थांबला. खट्. मी वळले नाही, मला वाटलं वाऱ्याने दार आपटतंय. आणि मग जो आवाज आला, त्याने शमीवरचे पक्षी उडाले.

"ए वसई! ये क्या बनाया? कबर बनाया?"

दारात अम्मा उभी होती! वॉकरला दोन्ही हातांनी धरून, वॉकरवर अजून ओढणी लटकलेली, केस मोकळे, आणि रागाने लाल.

"मेरे घर में कबर बनाता है? एक नहीं, इतना सारा? किसके लिए? मैं अभी जिंदा है!"

मला हसू यायला लागलं आणि मी वळून वरंब्यांकडे बघितलं. खरंच की! इथल्या डोंगराखालच्या कबरस्तानात मातीचे असेच लांबट उंचवटे असतात, एकाशेजारी एक. त्या बिचारीला मी रोज खिडकीतून तेच बघायला लावत होते. "अम्मा, ये फूल का है," मी म्हणाले. "फूल ऊपर नहीं!" अम्माने वॉकर आपटला. "नीचे! नीचे! खड्डा करो! रेगिस्तान में कोई ऊपर लगाता है? पागल!" आणि मग तिच्या लक्षात आलं की ती दारात उभी आहे. खाली आपल्या पायांकडे बघितलं तिने. मीही बघितलं. मी धावत जाऊन खुर्ची आणली.

नीचे का, हे तिने सांगितलं नाही. ते सांगितलं बाबांनी. बाबांची सगळी हयात नायगावच्या बाजूला मिठागरात गेली. आता मिठागर नाही, भाऊ त्यांना बोळिंजला फ्लॅटवर घेऊन आलाय, आणि बाबा गॅलरीत बसून आईने रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या झेंडूला पाणी घालतात. त्या संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल करून फोन वरंब्यावर धरला. बाबांनी चष्मा वर केला, फोन जवळ घेतला, लांब घेतला, आणि असे हसायला लागले की खोकला लागला.

"अगो, तू फुलां नाय, मीठ पिकवतेस! आगरात आमी काय करतो? खारा पानी घेतो, उन्हात आटवतो. पानी गेला का मीठ वर येनारच. तुझा पानी वरंब्यात चढतो, माथ्यावर सुकतो, मीठ तिथंच ठेवून जातो."

"मग काय करू, बाबा?"

"खाली लाव. खड्ड्यात लाव, वरून पानी भर. मीठ खाली धुऊन जाईल. एवढी मिठागरात खेळलीस, आणि तुला मीठ वळखू नाय आला?" मागून आईचा आवाज, "बस झाला तुमचा! पोरगी तिकडे एकटी हाय!"

पोरगी एकटी नव्हती. ते मला त्या दिवशी कळलं. अम्मा आणि बाबा, एकमेकांना कधी न बघितलेली, एकमेकांची भाषा न येणारी दोन माणसं, मला एकच गोष्ट ओरडून सांगत होती: नीचे, खाली. मी दुसऱ्या दिवशी वरंबे मोडले. फडक्यात थोडं बी उरलं होतं. चुलीइतके खोल वाफे केले, तळाला ओली माती, भोवती कड. अम्मा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. "और नीचे. वसई, वो कोना. नीचे!" रोज थोडी पुढे येऊन बसायची, कारण लांबून तिला खड्ड्याचा तळ दिसायचा नाही! खुर्ची दारातून शमीखाली, शमीखालून वाफ्याच्या कडेला. मला कोणी चालवायला शिकवलं नव्हतं, तरी अम्मा चालत होती.

आणि मग तो पिवळा! काय सांगू. आपल्याकडे झेंडू इतका असतो की डोळ्यांना त्याची किंमत नाही. सगळीकडे हिरवं, त्यात पिवळं, ठीक आहे, छान आहे. पण तपकिरी भिंतीपुढे, तपकिरी डोंगरापुढे, राखाडी आभाळाखाली एका सकाळी एकच झेंडू उघडला, तर वाटलं कोणी अंगणात दिवा लावून ठेवलाय. मी तो बघायला पुन्हा पुन्हा बाहेर. अम्मा म्हणाली, "क्या है? भाग जाएगा क्या?" पण तीसुद्धा चहा घेऊन तिथेच बसली. दुसऱ्या दिवशी दोन, मग किती ते कोण मोजतो. खड्डे काठोकाठ भरले. वरून बघितलं की जमिनीत पिवळ्या वाट्या पुरून ठेवल्यासारख्या. शुक्रवारी नूरा आली. गेटमधून आत आली ती तिथेच थांबली, कारण तिची आई वाफ्याशी वॉकर टेकून उभी होती आणि फुलांना पाणी कमी घातल्याबद्दल मला शिव्या देत होती. नूराने माझा हात धरला. त्या रात्री मी बॅगेतले कपडे कपाटात ठेवले आणि रिकाम्या बॅगेची चेन लावली.

तेव्हापासून या बागेचं वर्ष मला पाठ झालं. थंडीत झेंडू, मेथी, मुळा. बोरं पिकली की अम्मा ओंजळभर खिशात घालून फिरते आणि बिया सगळीकडे टाकते. एखादाच पाऊस येतो, कधी येतही नाही. पण आला की भिंतीच्या पायथ्याशी असं बारीक हिरवं उगवतं की त्याच्यावर पाय ठेवायचा धीर होत नाही. मग लिंबाची फुलं, सगळं घर वासाने भरतं. मग ऊन वाढतं, झेंडू खाली मान घालतो, मी बी काढून घेते. शमी जुनी पानं टाकून नवी घेते, तीही ऐन होळीच्या पुढे, जेव्हा बाकी सगळे हात टेकतात. आणि भर उन्हाळ्यात, जेव्हा बाहेर जीव राहत नाही, खजुराचे घोस हिरव्याचे पिवळे आणि पिवळ्याचे मधाच्या रंगाचे होतात. इथला उन्हाळासुद्धा रिकाम्या हाताने येत नाही. ज्यांना वाटतं वाळवंटाला एकच रंग असतो, त्यांनी माझ्यासारखं आठवीतच शाळा सोडलेली असणार.

एक गोष्ट अजून. दर वर्षी वाफे करताना मी अम्माच्या खिडकीसमोर एक वरंबा मुद्दाम घालते. एकच, छोटा, पण चांगला उंच, सिसिल मावशीला आवडेल असा. अम्मा बघते. "ए वसई! फिर?" आणि उठून येते. तिला माहीत आहे का मी मुद्दाम करते ते? मला वाटतं, माहीत आहे. विचारायची माझी हिंमत नाही, आणि तिलाही ते सांगायचं नसावं. दसऱ्याला आमच्याकडे सोनं वाटतात, तसा इथे हा वरंबा. दर वर्षी एकदा मी घालायचा, तिने मोडायला लावायचा.

पण यंदा? यंदाचा उन्हाळा वाईट गेला. अम्माला ताप आला, तो गेला, पण जाताना तिची ताकद घेऊन गेला. जूनपासून ती खोलीतून बाहेर आलेली नाही. वॉकरवर पुन्हा ओढणी. खिडकीचा पडदा ओढलेला. हाक मारली की "हूं" म्हणते, बस. मागच्या शुक्रवारी नूरा स्वयंपाकघरात माझ्याजवळ उभी राहून म्हणाली, "थंडी पडली तरी उठली नाही, तर मी तिला नेते. तुम्ही इतकं केलंत, पण..." मी भांडी घासत राहिले. मला माझ्या नोकरीचं वाटलं, हो, वाटलं, माणूस आहे मी. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अम्मा कोणाला रागवेल?

म्हणून परवा तो वारा आला तेव्हा मी ओरडले. काल दिवसभर माती भिजवली. आज उजाडल्यावर तिच्या खोलीत गेले आणि पडदा सारला. "अम्मा, ठंडा हवा आया," मी म्हणाले. तिने डोळे उघडले, पुन्हा मिटले. मी बाहेर आले, फावडं घेतलं आणि खिडकीसमोर वरंबा घालायला घेतला. छोटा नाही. यंदा मोठा. लांब, उंच, दोन्ही बाजूंनी थापटून गुळगुळीत, असा की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. घालता घालता माझ्याच अंगावर आला. क्षणभर वाटलं, हे काय करतेस, मोडून टाक, अशुभ आहे. शमीकडे बघितलं. तिची पानं हलत होती. थापटतच राहिले.

झाला. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. बोराच्या झाडावर मधमाश्यांचं शिवणयंत्र चालू होतं. खिडकीत काही हललं नाही. मी फावड्याने उगीच कड सारखी केली. पुन्हा केली. मग आतून काहीतरी जमिनीवर पडल्याचा मऊ आवाज आला. ओढणी.

आणि मग, खट्.

मी वळले नाही. वळायचं नसतं. खट्. बराच वेळ काही नाही. खट्. दाराची कडी वाजली. मी माझ्या त्या सुंदर, सरळ, चुकीच्या वरंब्याकडे बघत हसत होते, रडत होते, काय करत होते मलाच माहीत नाही, आणि मागून बारीक, फाटलेला, तरी रागाने भरलेला आवाज आला:

"ए वसई! मैं अभी जिंदा है!"

"हां, अम्मा," मी म्हणाले. फावडं उचललं आणि वरंबा खाली ओढायला घेतला.